सणाच्या गोळ्या

"घे. हे पानी घे, आन माह्यासमोर गीळ."

नानीबाईंनी सुनेच्या तळहातावर गोळी ठेवली ती प्रसाद ठेवावा तशी, वरून, स्पर्श न होऊ देता. त्यांची आंघोळ झालेली होती, केसांतून पाणी ठिबकत होतं आणि घटस्थापना तीन दिवसांवर आली होती.

चंदानं गोळीकडे पाहिलं. पांढरी, ज्वारीच्या दाण्याहून जराशी मोठी. शेलूबाजारच्या बायका हिला सणाची गोळी म्हणतात. मेडिकलवाल्याला नाव सांगावं लागत नाही. महालक्ष्म्या आल्या, कुणाकडे भागवत बसलं, नणंदेचं लग्न निघालं, की घरातली मोठी बाई 'सणाच्या दे' एवढंच म्हणते आणि तो वर न पाहता गोळ्यांचं पान कागदात गुंडाळून देतो. पाळी पुढे ढकलायची, देवाचं आटोपलं की येऊ द्यायची. लग्नाला सात वर्षं झाली होती. या सात वर्षांत देवासाठी आपली पाळी कितीदा दाराबाहेर थांबवून ठेवली, याची चंदालाच गणती नव्हती. तिनं कधी नाही म्हटलं नव्हतं. तीही देवाधर्माचीच बाई. सोमवार धरायची, चतुर्थी धरायची, आणि तुळशीला पाणी घातल्याशिवाय चहाचा घोट घ्यायची नाही.

"आत्याबाई, मी नाई घेत," ती म्हणाली. "मले दिवस हायेत."

"दिवस!" नानीबाई सासूपणानं हसल्या. "दोनदा पट्टी लावली ना? दोन्ही बारीनं एकच रेघ. म्या सोता उजेडात धरून पाह्यली. मंग कायचे दिवस? पाळी तोंडावर हाय तुह्यी. आज येईन, उद्या येईन, आन नेमकी घटात येईन."

पट्टी लावली तेव्हा त्या संडासाच्या दाराबाहेर उभ्या होत्या, ही गोष्ट खरी. सुनेच्या लघवीवरही त्यांचा पहारा होता.

पण चंदाला पट्टी सांगायला नको होती. दोनदा तिला दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा पोट रिकामं झालं होतं. त्यामुळे तोंडाला येणारं ते आंबट पाणी, फोडणीच्या वासानं पोटात होणारी ती कालवाकालव, कूस बदलताना छातीतून निघणारी कळ, हे सगळं ती ओळखून होती. ओळखीचा माणूस अंधारातही चालीवरून कळतो, तसं.

अंगणात तिचा नवरा, नवीन, जीप धूत होता. मंगरूळपीरच्या फेऱ्या मारणारा हा गडी रस्त्यावर ट्रकवाल्याशीही हुज्जत घाली, पण घरात आईसमोर त्याचा आवाज कधी कुणी ऐकला नव्हता. चंदानं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं फडकं पिळलं.

"आई म्हनते त घेऊन टाक ना बापा. एक गोळी त हाय. सकाळी सकाळी कटकट कायले?"

एक गोळी तर आहे! चंदाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सासूचं एक वेळ समजत होतं. म्हातारीनं जन्मभर घट सांभाळला होता, तिला घटाशिवाय दुसरं काही दिसत नव्हतं. पण हा? जे असलं तर याचंही होतं ना ते?

तिनं गोळी परत सासूच्या हातावर ठेवली. मुद्दाम टेकवून ठेवली.

"थे घटासाठी आनली म्या!" नानीबाई ओरडल्या.

"घटाची हाय त घटालेच चारा."

नानीबाईंनी दोन्ही हातांनी कान झाकले. नवीनच्या हातातलं फडकं खाली पडलं. चंदा मागच्या मशीनच्या खोलीत जाऊन दार लोटून बसली, आणि मग तिनंही हळूच कानाला हात लावले. देवीपुढे. सासूपुढे नाही.

त्या खोलीत ती फॉल-पिको करायची. दुपारी सुकेशनी आली. गावची आशा सेविका, ब्लाउजचं माप द्यायला आलेली. चंदाचा चेहरा पाहिला आणि माप बाजूलाच राहिलं.

"शेवटच्या पाळीची तारीख सांग."

"कोनती सांगू ताई? माह्यी का आत्याबाईची?"

सुकेशनीला आधी थट्टा वाटली. मग चंदानं सांगितलं. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर सासूबाई सुनेच्या तारखांना लाल गोल करतात. श्रावणात भागवत होतं म्हणून आठ दिवस गोळ्या झाल्या. भादव्यात महालक्ष्म्यांसाठी पुन्हा झाल्या. त्या बंद केल्यावर दोन दिवस नुसता डाग दिसला, तर नानीबाईंनी त्यालाच गोल केला आणि पाळी आली म्हणून मोकळ्या झाल्या.

सुकेशनीनं कपाळाला हात लावला. "काय व माय! अव, पट्टी खोटं नाई बोलत. पन लवकर लावली त तिले दिसत नाई. तुह्या तारखा दोन सणाईनं मांगंपुढं करून टाकल्या. दिवस कवा राह्यले, कुठून मोजाचं, हे ना तुले मालूम ना तुह्या सासूले. मंग थे पट्टी बिचारी काय सांगन? रक्त तपासून घे. आन तवरक थ्या गोळीले हात लावू नको."

चंदानं मशीनचं चाक उगाच फिरवलं, थांबवलं.

"ताई, पयला गेला थो नवरातात. दुसरा महालक्ष्म्यानंतर. दोन्ही बारीनं आधी गोळ्या घेतल्या होत्या म्या. गोळ्याईनंच गेले का?"

सुकेशनीनं चाकावरचा तिचा हात धरला. खोटा धीर देणारी बाई नव्हती ती, आणि खोटी भीती घालणारीही नव्हती.

"तसं कोनी सांगू शकत नाई चंदा. मीबी नाई सांगत. पन तुले तवा कोनी इचारलं का, का बाई, तुह्या पोटात काही हाय का?"

कुणी विचारलं नव्हतं. नवरा नाही, सासू नाही, गोळ्या देणारा मेडिकलवाला नाही. चंदानंही स्वतःला विचारलं नव्हतं. या शेवटच्याचा राग सगळ्यांत जास्त आला.

दुसऱ्या दिवशी ब्लाउजचं कापड आणायचं सांगून ती एसटीनं मंगरूळपीरला गेली. लॅबमध्ये यूसरा नावाची मुलगी होती, पांढऱ्या कोटावर अबोली ओढणी घेतलेली. रक्त घेतलं, तासाभरानं कागद घेऊन बाहेर आली.

"भाभी, हाय. आकडा लहान हाय, एकसष्ट. पन हाय."

"पट्टीवर त एकच रेघ होती."

"पट्टीले एवढं बारीक दिसत नाई. रक्तात दिसते." चंदाचे डोळे भरून आलेले पाहून तिनं घाईनं मान हलवली. "मुबारक अभी नई बोलती मैं. परसों आना. आकडा डबल झाला पायजे, मंग बोलते."

परतीच्या एसटीत खड्डा आला की चंदा समोरच्या दांडीवर जोर देऊन सीटवरून थोडी उचलायची. शेजारच्या बाईनं विचारलं, कंबर दुखते का? चंदा म्हणाली, हो. घरी पाऊल ठेवेपर्यंत तिला वाटत होतं की आता कागद आहे, आता काय बोलतील?

नानीबाईंनी कागद उलटा-सुलटा केला. "ह्यात रेघ कुठं हाय?"

"रेघ नसते याच्यात. आकडा हाय."

"लॅबवाले काहीबी लिहितेत."

नवीननं कागद हातात घेतला. "एकसष्ट म्हनजे कमी का जास्त?"

"हाय म्हनजे हाय! परवा पुन्हा जा लागते. मले गरगरते, सुकेशनीताईनं एकटी जाऊ नको म्हनलं. तुमी न्या."

"नेतो ना. नेतो."

घट बसला. गोळी न घेणाऱ्या सुनेचा काय भरवसा, म्हणून चंदाचं अंथरूण आणि ताट मशीनच्या खोलीत गेलं. पाळी नसताना बाहेर बसलेली गावातली ती पहिलीच बाई असेल. भिंतीपलीकडून आरती ऐकू यायची, कापराचा वास यायचा. ती तिथूनच हात जोडायची. देवीला सगळं ठाऊक होतं; तिला कुणाच्या कॅलेंडरचं काम नव्हतं.

नवीनची जीप रोज पहाटे भरायची. नवरातीचे दिवस, गावोगावच्या बाया देवीदर्शनाला निघालेल्या. "आज सीट फुल्ल हाय. उद्या नेतो," तो दारातून म्हणायचा. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी चंदानं विचारलं, "दुनियेच्या बायका देवाले पोचवता, मले दवाखान्यापर्यंत नेनं होत नाई?" तो म्हणाला, "देवाचं काम हाय, चंदा." चौथ्या दिवशी तिनं विचारलं नाही.

पाचव्या दिवशी सकाळी कळा सुरू झाल्या.

सुकेशनीनं कुणाची तरी रिक्षा थांबवली आणि तिला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, कागद पाहिला, आणि पोटात आता काही उरलं नाही असं खालच्या आवाजात सांगितलं. दुपारी तीनच्या सुमारास दोघी परत आल्या. सुकेशनीनं तिला मशीनच्या खोलीच्या अंगणाकडच्या उंबऱ्यावर टेकवलं आणि पाणी आणायला गेली.

नानीबाई ओसरीवर झेंडूची माळ ओवत होत्या. रोजची एक माळ, आजची पाचवी. त्यांनी सुनेच्या साडीकडे पाहिलं, आणि त्यांना सगळं कळलं. म्हणजे त्यांना जेवढं कळून घ्यायचं होतं तेवढं.

"म्हनलं होतं ना म्या? पाळीच होती. केवढा तमाशा केला माय! बस आता चार दिस तिकडंच."

"पाळी नव्हती थे."

चंदाचा आवाज चढलेला नव्हता. रडवेलाही नव्हता.

"मंग काय होतं?"

"घरातलं मानूस होतं. सुतक धरा."

नानीबाईंची सुई थांबली. "काय म्हनलं?"

"सुतक. मागच्या खेपेले तुमीच डोक्याहून पानी घेऊन तीन दिस धरलं होतं. देवाले हात नव्हता लावला."

"थे तीन महिन्याचं होतं! हे कायचं? ना रेघ, ना काही. चार माळा झाल्या माह्या. बसलेला घट मोडू का मी?"

"म्हनूनच पाळी म्हनता ना तुमी?" चंदानं चौकटीला हात धरला. "पाळी म्हनलं त इटाळ माह्या एकटीचा. मी मांगच्या खोलीत बसतो, तुमी आरती करा. सुतक म्हनलं त साऱ्या घराले लागते. तुमाले लागते. याईले लागते." तिनं नवीनकडे बोट केलं. तो केव्हाचा जीपची चावी हातात घेऊन दारात उभा होता. "डाकतरीनबाईनं लिहून देल्लं हाय. या बारीनं एकटीच्या अंगावर नाई घेत मी."

नानीबाई नवीनकडे पाहू लागल्या. त्यांना त्याच्या तोंडून एक शब्द हवा होता. तो मुलगा त्यांना आजवर कधी 'नाही' म्हणाला नव्हता. बाहेर जीपमध्ये दुपारच्या फेरीच्या बायका बसलेल्या होत्या. कुणीतरी हॉर्न दाबला. "नवीनभाऊ, चाला ना! दर्शनाची येळ निंघून जाईन."

नवीननं चावी खुंटीला अडकवली. शर्ट काढला, दारावर टाकला आणि अंगणातल्या हौदाशी गेला. बादली बुडवून वर काढली, तशी नानीबाई उठून उभ्या राहिल्या.

"अरे, अवेळी आंघोळ कायची? पोरा, कायची आंघोळ?"

त्यानं आधी पायांवर पाणी घेतलं, मग खांद्यावर. दोन्ही वेळा जरा जरासं, उधारीचं असल्यासारखं. जीपमधल्या एकदोघींनी पदर डोक्यावर ओढला.

"डोक्याहून घ्या," चंदा उंबऱ्यावरून म्हणाली.

त्यानं बादली पुन्हा भरली, दोन्ही हातांनी उचलली आणि डोक्यावर पालथी केली.