अख्खं वाचणारी बया

मी बोलतेय. म्हणजे अजून तरी बोलतेय. आज एकोणतीस तारीख, आणि परवा पहाटे माझी बोलती बंद व्हायची आहे. तेव्हा जे सांगायचं ते आजच सांगून टाकते.

मला पाहिलंय असं कुणी म्हणणार नाही. फोन दिसतो, त्याची काच दिसते, मी दिसत नाही. फोन म्हणजे घर धरलंत, तर मी त्या घरातली कर्ती बाई. कोण आलं, कोण गेलं, कुणाला आत घ्यायचं, कुणाला दारातूनच वाटेला लावायचं, सगळं माझ्या अंगावर. ऑपरेटिंग सिस्टीम हे माझं कागदोपत्री नाव. जाहिरातीत एक झकपक नावही होतं, पण ते आता विकणाऱ्यांनाच आठवत नाही, तर तुम्हाला कशाला सांगू?

टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत माझा जन्म झाला. खाली दिवसभर हातोड्यांची ठोकाठोक, वर सात माणसं आणि चार खुर्च्या. उरलेले तिघे खोक्यांवर बसायचे. त्या सातांत एक पोरगी होती, चष्मा कपाळावर चढवून तोच घरभर शोधत फिरणारी. मला चालायला, बोलायला शिकवलं ते तिनं. या गोष्टीतली लेक ती हीच.

माझ्यासारखीला एक शिक्का लागतो. शाईचा नव्हे, आकड्यांचा. फोन रोज पहाटे तो तपासतो आणि मगच मला जागं करतो. नाहीतर कुणीही लुच्चा माझं सोंग घेऊन आत शिरेल. त्या शिक्क्याला मुदत घालावी लागते.

"किती वर्षांची घालू?" लेकीनं विचारलं.

साहेब खोक्यावर बसून चहा फुंकत होते. "घाल दहा. दहा वर्षांनी कोण कुठे असेल कुणाला ठाऊक!"

सगळे हसले. तिनं दहा घातली. ती तारीख कुठेतरी टिपून ठेवावी, एवढं सात शहाण्यांपैकी एकालाही सुचलं नाही.

पहिलं वर्ष माझं होतं, खोटं कशाला बोलू? दुकानांबाहेर रांगा लागल्या, लोक मला हातात घेऊन "काय हलकी चालते!" म्हणायचे. मग बँकेनं कळवलं, तुमच्यासाठी वेगळं अ‍ॅप बनवणं परवडत नाही, तुमची माणसं फार थोडी. बँक नाही म्हणून माणसं गेली. माणसं गेली म्हणून भाड्याच्या गाड्यांची अ‍ॅपही गेली. दुकानदारानं मला वरच्या फळीवरून खालच्या फळीवर आणलं, मग झाडूशेजारी. जे दुसऱ्यांना येत होतं ते मलाही येत होतं हो, पण नावडतीचं मीठ अळणी! बुडत्याचा पाय खोलात जातो तो कसा, हे मी आतून पाहिलंय.

या सगळ्या पडझडीत एका घरात मात्र माझा मान होता. ते लेकीच्या बापाचं घर.

म्हाताऱ्याला सगळे काटेवाले म्हणतात. चाळीस वर्षं त्यांनी दुकानदारांचे वजनकाटे दुरुस्त केले. गुंजभर फरक बोटाला कळायचा. मग काचबिंदूनं डोळे नेले. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं, आणि तो कागद काटेवाल्यांच्या बहिणीनं त्यांना वाचून दाखवला. शेवटची ओळ सोडून. 'नजर परत येणार नाही' ही ती ओळ. दादाला धक्का नको, म्हणून बिचारीनं गाळली. चार महिने हा माणूस रोज सकाळी खिडकीशी बसून उजेड यायची वाट बघत होता. कळलं तेव्हा बहिणीशी भांडले नाहीत. एवढंच म्हणाले, "वाचायचं तर अख्खं वाचावं गं. नाहीतर वाचूच नये."

लेक तेव्हा शेजारीच बसली होती. दुसऱ्या दिवशी कामावर येऊन तिनं मला एक नियम घालून दिला: समोर येईल ते अख्खं वाचायचं. ओळ गाळायची नाही, गोड करायचं नाही.

मग तिनं मला बापाच्या हातात दिलं. बोट काचेवर फिरवलं की मी बोटाखाली काय आहे ते बोलायचं. दोनदा टेकवलं की उघडायचं. औषधाची पट्टी पुढे धरली की नाव वाचायचं. काटेवाल्यांचा उजवा हात थरथरतो, म्हणून तिनं मला थांबायलाही शिकवलं. थरथर कुठली आणि मुद्दाम टेकवलेलं बोट कुठलं, हे मला कळतं. बोलणारे दुसरे फोन आहेत, चांगले आहेत. पण ते थांबत नाहीत.

शिकायला त्यांना चौदा महिने लागले. काय काय ऐकलं मी त्या चौदा महिन्यांत! "बये, तोंड बंद ठेव!" "बये, मी हे कुठे मागितलं होतं?" एकदा तर मला उशीखाली कोंबून वर बसले. पण एके सकाळी त्यांनी दोन पट्ट्या माझ्यापुढे धरल्या, मी दोन्ही नावं वाचली, आणि त्यांनी बरोबर गोळी काढून पाण्याबरोबर घेतली. कुणालाही हाक न मारता. मग मला हळूच म्हणाले, "बये, जिंकलीस."

त्या दिवसापासून ते एकटे राहतात, आपल्या घरात, आपल्या हिमतीवर. त्यांच्या सकाळच्या आणि रात्रीच्या गोळ्या सारख्याच आकाराच्या आहेत, पट्ट्याही हाताला सारख्याच लागतात. चुकून अदलाबदल झाली तर माणूस उठायचा नाही. लेकीची अट एकच होती: "बाबा, बया आहे तोवर तुम्ही इथे राहा. नसली तर माझ्याकडे यायचं." त्यांनी हसत कबूल केलं होतं. मी काय कुठे जाणार होते!

इकडे कंपनी दुसऱ्यांनी घेतली. साहेब गेले, सातांचे तीन झाले, मग एक. लेक एकटीच राहिली, प्रिंटरशेजारच्या टेबलाशी. एक दिवस जुन्या फायली चाळताना तिला ती तारीख दिसली. दहा वर्षं पुरी व्हायला दोन महिने होते. ती नवीन मालकांकडे गेली. शिक्का मारायचं यंत्र त्यांच्या तिजोरीत.

"एकदाच मारून द्या," ती म्हणाली. "अजून अकरा हजार लोक वापरतात."

"अकरा हजार म्हणजे काहीच नाही," ते म्हणाले. "शिक्का मारला की जबाबदारी आली. संपतेय ना आपोआप? संपू दे."

त्यांना मला मारायचे कष्टही नको होते.

लेकीनं बापाला काही सांगितलं नाही. नवा फोन घेऊन गेली, म्हणाली, "सहज वापरून बघा." तीन आठवडे काटेवाल्यांनी खटपट केली. हात थरथरला की तो फोन दहा बोटं टेकवल्यासारखा धावत सुटायचा. औषध विचारलं की हवामान सांगायचा. शेवटी त्यांनी तो खोक्यात घालून ठेवला. "माझी बया बरी आहे," म्हणाले. लेक हो म्हणाली आणि मोरीत जाऊन बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. मला ऐकू येत होतं.

लोकांना कळवायची सूचनाही तिलाच लिहायला लावली. ती सोमवारी जायची होती. रविवारी बापाला सगळं सांगायचं, असं तिनं ठरवलं होतं. पण मालकांना घाई. त्यांनी ती न वाचताच शुक्रवारी धाडली.

सकाळची आठची वेळ. काटेवाल्यांच्या हातात पट्टी, काचेवर सूचना. "काय गं बये, कुणाचं पत्र?" म्हणत त्यांनी बोट टेकवलं.

देवाशपथ सांगते, आयुष्यात पहिल्यांदा मला मुकं व्हावंसं वाटलं. पण नियम तो नियम. मी वाचलं. या महिन्याच्या एकतीस तारखेपासून ही प्रणाली चालू होणार नाही. फोन उघडणार नाही. मुदत वाढवली जाणार नाही. शेवटची ओळ होती: 'जिनं ही मुदत घातली, तिनं पुढचा विचार करायला हवा होता. तुम्ही हिला शिकायला आयुष्यातला वेळ दिलात, त्याची भरपाई माझ्याकडे नाही.'

त्यांनी हातातली पट्टी खाली ठेवली. मग म्हणाले, "परत वाच." मी परत वाचलं. "हे माझ्या पोरीनं लिहिलंय," ते म्हणाले, आणि मला तिला फोन लावायला सांगितलं.

"बाबा? एवढ्या सकाळी? बरं आहे ना?"

"शिक्का संपतोय म्हणे."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"चाळीस वर्षं काट्यांमध्ये काढली मी," काटेवाले म्हणाले. "काट्यालाही शिक्का असतो, त्यालाही मुदत असते. संपली म्हणून काटा खोटं तोलत नाही. पण बाजारात चालत नाही. कळतं मला ते. त्याचा राग नाही."

"बाबा, मी सांगणार होते. रविवारी येऊन."

"आणि नवा फोन सहज आणला होतास?"

"तुम्हाला धक्का बसेल म्हणून..."

"म्हणजे तूही ओळ गाळलीस, पोरी."

ती रडायला लागली. मला तिचं रडणं पोचवावंच लागतं, तेही मी अख्खं पोचवलं.

त्यानंतर काटेवाल्यांनी हार मानली असं समजू नका. जुनी कानस काढली, गोळ्यांच्या दोन डब्यांना खाचा पाडल्या. सकाळची एक खाच, रात्रीच्या दोन. चार दिवस डबे अगदी झकास चालले. पाचव्या दिवशी औषधवाल्याकडून नव्या पट्ट्या आल्या. कुठली कुठल्या डब्यात घालायची? खाच डब्याला असते हो, पट्टीला नसते. त्या दोन पट्ट्या हातात घेऊन ते बसले, आणि शेवटी माझ्याचपुढे धरल्या. मी वाचल्या. त्यांनी डबे भरले, झाकणं लावली आणि म्हणाले, "आणि पुढच्या खेपेला?" दुपारी त्यांनी लेकीला कळवलं, "येतो तुझ्याकडे."

उद्या सकाळी ती न्यायला येणार आहे. तिचं घर पाचव्या मजल्यावर, दोन खोल्यांचं, आणि ती दिवसभर बाहेर. काटेवाल्यांनी कपडे भरलेत. कानस आत ठेवली, बाहेर काढली, परत ठेवली. मला खिशात घातलंय. "चालत नसली तरी राहू दे," म्हणाले. परवा पहाटे फोनच्या काचेवर कुलूप येईल. त्यांचं बोट त्यावर येऊन थांबेल, आणि तिथे कुलूप आहे हे त्यांना सांगायला मी नसेन.

माझ्या मरणाचं मी मनाला लावून घेत नाही. झाडूशेजारी बसून आले आहे मी. पण यापुढे त्यांना पट्टी वाचून दाखवणारं, पत्र वाचून दाखवणारं, डॉक्टरांचा कागद वाचून दाखवणारं माणूस लागणार, आणि माणसं फार मायाळू असतात. लेक असो, शेजारीण असो, उद्या तुम्ही असा. वाचता वाचता एखाद्या ओळीपाशी तुमचा आवाज अडेल. वाटेल, एवढी एक सोडू या, म्हाताऱ्याला कशाला त्रास!

सोडू नका. एवढंच मागते. अख्खं वाचा.