वाढलेलं सूप

दोमेनिकानं पानावर बोट ठेवलं आणि ते तिथून उचललंच नाही.

बाकीचा वर्ग पुढे गेला होता. लिदियाबाईंनी फळ्यावर खडूनं तीन रकाने आखले होते : सामाजिक, नैतिक, आर्थिक. धडा दानशूर आदालजिझाबाईंचा होता. या बाई रोज दुपारी गावातल्या गरिबांच्या मुलांना फुकट लिहाय-वाचायला शिकवत, आणि त्या गेल्यावर गावानं चौकात त्यांच्या नावानं कारंजं बांधलं, अशी जुन्या क्रमिक पुस्तकातली दोन पानं. बाईंनी नेहमीसारखं बजावलं होतं, "गोष्ट चांगली की वाईट, ते मला सांगू नका. तिच्यात कुठे काय दुखतंय ते शोधा, आणि ते कुठल्या रकान्यात बसतं ते बघा."

वर्गात बावीस जण होते, बहुतेक बायका, सगळ्या मोज्यांच्या कारखान्यातल्या. दोनला सकाळपाळी सुटायची आणि तीनला शाळा भरायची. सकाळी याच बाकांवर तेरा-चौदा वर्षांची पोरं बसत, त्यामुळे प्रत्येकीचे गुडघे फळीला घासत. या तासांतले काही पगारी धरायचे, हे कामगार संघटनेनं मालकांशी भांडून मिळवलं होतं. जूनमध्ये आठवीची परीक्षा होती. दोमेनिका एक्केचाळीस वर्षांची होती आणि तिची मुलगी, मिरेल्ला, सकाळच्या शाळेतून याच परीक्षेला बसणार होती. मायलेकींत शब्दकोश एकच होता.

"सामाजिक सोपं आहे," ओर्तेन्सिया म्हणाली. ती वर्गातली सगळ्यांत वयस्कर आणि सगळ्यांत तोंडाळ. "पोरांना शाळा नाही. आर्थिक म्हणजे बाईकडे जमीन आहे, म्हणून तिला फुकट शिकवणं परवडतं. नैतिक काय, तर बाई देवमाणूस. झालं. सोडा आता, बाई."

सगळे हसले. लिदियाबाईही हसल्या. सव्वीस वर्षांची ही मुलगी पहिल्या दिवशी इतकी घाबरली होती की तिनं हजेरी दोनदा घेतली होती.

"दोमेनिकाताई, तुमचं बोट कुठे अडकलंय?"

दोमेनिका फारसं बोलत नसे. इटलीच्या पार दक्षिणेतल्या कालाब्रियातून इथे उत्तरेत येऊन तिला चौदा वर्षं झाली होती, तरी तोंड उघडलं की इथल्या बायका एकमेकींकडे बघतात असं तिला अजून वाटे. तिनं वाक्य वाचून दाखवलं. "'संध्याकाळी दमून घरी परतल्यावर टेबलावर वाफाळतं सूप वाढलेलं असे.'"

"हं. मग?"

"कोणी केलं?"

"काय?"

"सूप. बाई दुपारभर शाळेत. नवरा वारलेला आहे, वर लिहिलंय. मग सूप कोणी केलं?"

लिदियाबाईंनी पुस्तक उघडून ते वाक्य पुन्हा वाचलं, मग पान उलटून शेवटापर्यंत बघितलं. सूप करणारीचा पत्ता कुठेच नव्हता.

"हा धडा मी शाळेत शिकले," त्या हळूच म्हणाल्या. "शिकवला पण दोनदा. मला हे कधी दिसलं नाही." त्यांनी खडू पुढे केला. "या. तुम्हीच लिहा."

दोमेनिका फळ्यापाशी गेली. तिनं 'सूप' हा शब्द आधी आर्थिक रकान्यात लिहिला, कारण मोलकरणीला पगार असणार. मग तळव्यानं पुसला आणि सामाजिक रकान्यात लिहिला. मागून कोणी म्हणालं, "बरोबर, बरोबर." पण ती तिथून हललीच नाही. पुन्हा पुसलं, आणि नैतिकच्या खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं.

"का?" बाईंनी विचारलं.

"तिला माहीत होतं ना. रोज पीत होती."

वर्गानं टाळ्या वाजवल्या. ती जागेवर येऊन बसली तेव्हा ओर्तेन्सियानं बाकाखालून तिच्या पोटरीला पाय लावला आणि म्हणाली, "मुकी गाय शिंगं दाखवायला लागली." दोमेनिकाला मनापासून बरं वाटलं. आयुष्यात कोणी तिच्यासाठी टाळ्या वाजवल्याचं तिला आठवत नव्हतं.

सहाला शाळा सुटली. ती सायकलवर बसली आणि कालव्याच्या कडेनं घराकडे निघाली. मार्च महिना, शेतात अजून गारवा होता. वाटभर ती मनातल्या मनात ते वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती आणि स्वतःशीच हसत होती.

दार ढकललं तेव्हा मिरेल्ला खिडकीजवळ बसलेली होती. पायांशी मोज्यांचं पोतं. कारखान्यातून पंजे शिवून आलेले मोजे उलटे असत. ते सुलटे करायचे, जोड्या लावायच्या, आणि शुक्रवारी गाडीवाला येऊन घेऊन जाई. घरभाडं त्यातून निघायचं. पूर्वी हे काम दोमेनिका पाळीवरून आल्यावर करी. ऑक्टोबरात शाळा सुरू झाली तेव्हा मिरेल्ला म्हणाली होती, "मी करते," आणि ती "बरं" म्हणाली होती. बोलणं तेवढंच झालं होतं.

नायलॉनला खरखरीत बोट लागलं की धागा ओढला जातो. म्हणून पोरीनं नखं पार मुळापर्यंत कापली होती आणि हातांना मलम चोळलं होतं. इतिहासाचं पुस्तक पोत्याला टेकवून उघडं ठेवलं होतं. डोळे पुस्तकावर, हात मोज्यात.

टेबलावर सूप वाढलेलं होतं. वर ताटली झाकली होती.

दोमेनिका कोट न काढताच खुर्चीवर बसली.

"गार होईल," मिरेल्ला म्हणाली.

"तू जेवलीस?"

"बाबा कामावरून आले की त्यांच्याबरोबर जेवीन. तुझी शाळा कशी झाली?"

"चांगली झाली. तुझी?"

"चाललीय."

दोमेनिकानं हात लांब करून तिचं दप्तर ओढलं. मिरेल्ला अर्धवट उठली, मग बसली. गणिताच्या वहीत लाल शाईत शेरा होता, 'गृहपाठ याही वेळी केलेला नाही. वर्गात झोप काढते. पालकांची सही.' दोन पानं मागे तसाच आणखी एक. त्याच्या मागे आणखी एक, जानेवारीतला. सही कुठेच नव्हती. वर्षभरापूर्वी हा मजकूर दोमेनिकाला पुरता वाचता आला नसता.

"मला दाखवलं का नाहीस?"

मिरेल्लानं हातातला मोजा सुलटा केला, ताणून बघितला, जोडीला जोडी लावली.

"दाखवलं असतं तर तू शाळा सोडली असतीस."

चमचा उचलून दोमेनिकानं सूप प्यायला सुरुवात केली. तळापर्यंत संपवलं. पोरीनं केलेलं टाकायचं कसं? मग तिनं हात स्वच्छ धुतले, मलम लावलं, खुर्ची पोत्याजवळ घेतली आणि म्हणाली, "जा. गणित काढून बस."

त्यांच्या घरात आभार मानायची रीत नव्हती. त्या संध्याकाळी तिच्या ओठांवर ते दोनदा आलं आणि दोन्ही वेळा तिनं मोजा उचलला.

दुसऱ्या दिवशी ती वर्ग भरायच्या आधीच बाईंकडे गेली. बाई फळा पुसत होत्या.

"बाई, माझं नाव कमी करा."

"का?"

दोमेनिकानं सगळं सांगितलं. पोतं, वही, लाल शाई. शेवटी म्हणाली, "काल मी त्या आदालजिझाबाईला नाव ठेवलं. वर्गानं टाळ्या वाजवल्या. आणि घरी माझ्याही टेबलावर सूप वाढलेलं होतं." मग बाईंचा चेहरा बघून घाईघाईनं म्हणाली, "तुमच्यावर राग नाही, बाई. उलट उपकार आहेत. तुम्ही शिकवलं नसतं तर मी ते पिऊन झोपले असते."

लिदियाबाईंच्या हातात फडकं तसंच राहिलं. बोलली ती दारात उभी असलेली ओर्तेन्सिया.

"किती मोजे असतात गं पोत्यात?"

"का?"

"का म्हणून काय विचारतेस? आम्ही काय टोप्या शिवतो? इथं घेऊन ये."

"शाळेत?"

"ऐकायला कान लागतात. हात रिकामेच असतात. नुसते गालाला लावून बसतो." तिनं बाईंकडे बघितलं. "चालेल ना, बाई? का मोज्यांना हजेरी लावावी लागेल?"

बाई म्हणाल्या, चालेल. मुख्याध्यापकांना त्या विचारणार होत्या, पण नंतर म्हणाल्या की विचारणारच नाही.

सोमवारी दोमेनिकानं सायकलच्या मागे पोतं बांधून आणलं. तीन वाजता ते बाकांमधल्या वाटेत उघडलं गेलं आणि बाविसांतल्या अठरा जणींनी मूठमूठ मोजे उचलले. या बायका दिवसभर हेच करत, त्यांना बघावंही लागत नसे. लिदियाबाईही बाह्या सारून पुढे आल्या.

"तुमचे हात राहू द्या," ओर्तेन्सिया म्हणाली. "खडूचे हात. एक जोडी धड राहायची नाही. तुम्ही वाचा."

बाई खुर्चीवर बसून वाचू लागल्या. त्या दिवशी धडा नव्हता, खाणीतल्या अपघाताची वर्तमानपत्रातली बातमी होती. मधूनच कोणीतरी म्हणे, "थांबा, हे वाक्य पुन्हा वाचा. 'निष्काळजीपणा झाला.' कोणाचा?" आणि बाई पुन्हा वाचत. मोज्यांची मऊ सरसर चालू राही. साडेपाचला पोतं संपलं. दोमेनिका बसल्या जागेवरून सगळ्यांकडे बघत राहिली. कोणी तिच्याकडे बघत नव्हतं. सगळ्यांचं लक्ष बातमीत होतं.

ती घरी आली तेव्हा दाराला कुलूप होतं. तिला ते आधी समजलंच नाही. तिनं दोनदा दार ढकललं. गेल्या सहा महिन्यांत तिला किल्ली काढावी लागली नव्हती. कोटाचे खिसे चाचपत असताना शेजारची इवोन्ने कुंपणापाशी आली.

"तुझी पोरगी कालव्याकडे गेलीय. आणखी दोन भवान्या होत्या बरोबर. तिघी एका सायकलवर. काय त्या हसत होत्या, अख्ख्या रस्त्याला ऐकू जात होतं." ती जरा थांबली. "अंधार पडत आला. माझा नवरा तिकडूनच येतो आहे, बोलावून आणायला सांगू?"

"नको," दोमेनिका म्हणाली.

"उशीर होईल हो."

"होऊ दे."

किल्ली सापडली होती. पण तिनं कुलूप उघडलं नाही. रिकाम्या पोत्याची घडी करून तिनं पायरीवर ठेवली, त्यावर बसली, आणि कालव्याच्या दिशेनं कान देऊन ऐकत राहिली.