बसवंतराजांचं पेव

लातूर जिल्हा वेगळा झाला त्या वर्षी पंचाक्षरी गुरुजींकडे गावच्या राजवाड्याचा इतिहास लिहायचं काम आलं. नव्या जिल्ह्याची ओळख करून देणारी पुस्तिका निघणार होती आणि उदगीरच्या पलीकडच्या कौळगडासारख्या आडगावालाही तिच्यात दोन पानं होती. गुरुजी हरखून गेले. सर्जेराजांनी वाडा बांधला, त्यांचा मुलगा आनंदराजांनी खापराच्या नळांनी तळ्याचं पाणी आत खेळवलं आणि नातू बसवंतराजांनी मोठ्या दुष्काळात रयतेसाठी ज्वारीचं जमिनीखालचं पेव उघडलं. दुष्काळ बाहत्तरचा नव्हे, त्याच्याही कितीतरी आधीचा. गावात सगळे सांगत तसंच गुरुजींनी एका बैठकीत लिहून काढलं.

तरी एकदा विचारून घ्यावं म्हणून ते जगदेवीकडे गेले. सत्तरीची ही बाई जन्मभर वाडा झाडत आली होती.

बसवंतराजांचं नाव निघताच तिनं केरसुणी खाली ठेवली.

"पेव उघडलं न्हाई, गुरुजी. माजी माय तवा धा वर्साची. तिचे दोन भाऊ ह्याच दरवाजापुढं गेले. शिपाई आतून म्हनायचे, उद्या या. लोकं बसल्या जागी मेले."

"मग ज्वारी?"

"पाऊस पडल्यावर उघडलं की. समदी काळी पडल्याली. गाड्या भरून वढ्यात टाकली. मायनं मूठभर तोंडात घातली, तर कडू जहर. मंग तिला ह्याच वाड्यात झाडाया ठेवलं."

तीन दिवस गुरुजींचं शिकवण्यात लक्ष लागेना. शेवटी त्यांनी आधी लिहिलेला कागद फाडला आणि म्हातारीचं बोलणं जसंच्या तसं लिहून पाठवलं. पुस्तिका काढणाऱ्यांचा निरोप आला, आनंदाच्या वेळी हे शोभत नाही, गावात सगळे सांगतात तेच लिहा. गुरुजींची बदली नुकतीच कशीबशी टळली होती. त्यांनी आधीचंच पुन्हा लिहून दिलं.

पुस्तिका छापून आली तशी जगदेवी शाळेत आली.

"माज्या मामांचं कुठं हाय? वाचा की."

गुरुजींनी एका पानावर बोट ठेवलं आणि वाचायला लागले. दरवाजा, शिपाई, काळी ज्वारी. त्यातलं एक अक्षर त्या पानावर नव्हतं. म्हातारीनं पदरानं डोळे टिपले, पुस्तिका मागून घेतली आणि कपाळाला लावली.

चार दिवसांनी ती भर वर्गात परत आली. पुस्तिका टेबलावर ठेवत म्हणाली, "सुनेला वाचाया येतंय, गुरुजी."

"माय, थांब जरा..."

ती थांबली नाही. पुढच्या उन्हाळ्यात ती वारली. गुरुजी मातीला गेले, पण लांबच उभे राहिले. पुढं नोकरी संपेपर्यंत त्यांना दरवर्षी पुस्तिकेतल्या त्या तीन राजांची माहिती मुलांना सांगावी लागली. तिसऱ्या राजाशी आले की ते फळ्याकडे तोंड करत.