रोज पहिल्यापासून

माझा राग नाकावर असतो, हे सातपूरच्या सगळ्या गिऱ्हाइकांना ठाऊक आहे. तिथं माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. अकरा वर्षांपूर्वी ते उघडलं तेव्हा पूजेला सगळं गाव आलं, माझे वडील तेवढे आले नाहीत. अण्णा एकलहऱ्याच्या वीज केंद्रात होते आणि मीही तिथंच चिकटावं अशी त्यांची इच्छा होती. तोच राग असणार, असं मी धरून चाललो. का आला नाहीत, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. पण मला ते ऐकायचं होतं, फार ऐकायचं होतं.

गेल्या वर्षी घशाच्या ऑपरेशनमध्ये अण्णांचा आवाज गेला. हात तर आधीपासूनच थरथरायचे, पेन धरवत नव्हतं. त्यांनी खुणेनं टायपिंगचं काहीतरी मागितलं. दुकानात एक जुनाट लॅपटॉप पडून होता, हार्डडिस्क मेलेली, बॅटरी गेलेली. अशा मशीनला मी विंडोजऐवजी पेनड्राइव्हवर हलकी लिनक्स सिस्टीम टाकून देतो. सगळं त्या पेनड्राइव्हवरून चालतं. फक्त बंद केलं की लिहिलेलं सगळं पुसलं जातं. ते टिकवायचं तर पेनड्राइव्हवर वेगळी जागा राखावी लागते. मी राखली नाही. म्हटलं, अण्णा काय लिहिणार, पत्ते खेळत बसतील.

मराठी कीबोर्ड टाकून दिला आणि वर दमही दिला, की नसत्या ठिकाणी हात लावून बिघडवलंत तर मी पुन्हा येणार नाही. आजारी बापाशी असं बोलतात का? मी बोललो.

अण्णा दिवसभर एका बोटानं टाइप करायचे. पस्तीस वर्षं विजेत काढलेला माणूस, संध्याकाळी भिंतीवरचं बटण बंद केल्याशिवाय जेवायला बसत नसे, आणि बॅटरी नसल्यानं त्यासरशी लॅपटॉपही बंद व्हायचा. ते मलाच काहीतरी लिहितायत, असं आईनं फोनवर सांगितलं, तेव्हा मला इतकं बरं वाटलं की पेनड्राइव्हवर राखायच्या राहिलेल्या त्या जागेची आठवणसुद्धा झाली नाही. पूर्ण होऊ दे, मग सावकाश वाचू, असं ठरवलं.

दोन महिन्यांनी अण्णा गेले. तेरावं झाल्यावर मी लॅपटॉप लावला. एकही फाइल नव्हती. मग मला ती न राखलेली जागा आठवली.

आई दारात उभी होती. म्हणाली, "नसंल त्यात काही. रोज सकाळी पुसलेलंच असायचं. ते पुन्हा पहिल्यापासून लिहायचे."

रोज वाचून सुरुवात तिला पाठ झाली होती. तिनं ती हळूहळू म्हणून दाखवली. "किशोर, तुझ्या दुकानाच्या पूजेला मी आलो होतो. रस्त्यापलीकडे उभा राहिलो आणि तसाच परत फिरलो. त्याचं कारण सांगतो."

कारण तिला माहीत नव्हतं. एवढं लिहून होईतो तिची भाकरी टाकायची वेळ व्हायची, आणि पुढचं किशोरच वाचील म्हणून तिनं कधी डोकावलं नाही.

मला का कळवलं नाही, असं मी विचारलं. आवाज चढलाच माझा.

"मी फोन लावत व्हते," ती म्हणाली. "त्यांनी हात जोडले माझ्यापुढं. आपल्याच हातून बिघडतंय, पोरगं चिडंल, असं वाटायचं त्यांना."

मग वरातीमागून घोडं, तसा मी अण्णांच्या पलंगावर बसलो आणि पेनड्राइव्हवर ती जागा करून ठेवली. दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत.