भरला पेला आणि अर्धा रस्ता

मित्रांनो, मी एक जुना रोड रोलर आहे. बागेच्या फाटकातून आत आलात की घसरगुंडीच्या पलीकडे जो पिवळाधमक लोखंडी प्राणी दिसतो, ज्याच्या पाठीवर चढायला तुम्ही भांडता आणि ज्याचं चाक गरागरा फिरवत तोंडाने 'घुर्रर्र' करता, तोच मी. राग मानू नका, पण तुम्ही काढता तो आवाज माझा नव्हे. माझा आवाज जाड होता. मी गल्लीच्या तोंडाशी आलो की आतल्या स्वयंपाकघरांत फळीवरची भांडी किणकिणायला लागत, आणि बायका म्हणत, "आले हो आले, मामंजी आले!"

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लोखंड वितळवून, ओतून, घासून मला घडवलं. पुढचं चाक एवढं जड, की ते बसवताना कामगारांच्या कपाळावरच्या शिरा फुगल्या होत्या. मग ट्रकवर चढून मी या गावच्या नगरपालिकेच्या आवारात आलो. मला बघायला सगळं ऑफिस बाहेर आलं. शिपायाने माझ्या चाकावर हात फिरवला आणि "अंगाने बरा आहे" म्हणाला, जणू बाजारातून बैल आणला होता. मला उभं राहायला जागा मिळाली ती सभागृहाच्या खिडकीखाली. त्यामुळे गावातले सगळे निर्णय माझ्या कानांवरून जात. कोणत्या रस्त्याला दिवे, कोणत्या गटाराला झाकण, कुणाच्या नळाला पाणी. कधी आवाज चढत, कधी खुर्च्या सरकत, आणि मग चहाचे कप वाजले की समजायचं, ठराव झाला.

मला चालवायला जो तरुण आला तो हाडाने किरकोळ आणि स्वभावाने हळवा. त्याला सगळे 'रोलरवाला' म्हणत. सगळे म्हणजे एक सोडून. त्याची थोरली बहीण त्याला 'धाकट्या' म्हणे. आई लवकर गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं होतं. पुढे ती एका लांबट गल्लीत लॉन्ड्री चालवू लागली. कपडे धुवायचे, इस्त्री करायचे, हातगाडीवर रचायचे आणि घरोघर पोचवायचे. गल्लीच्या उजव्या रांगेत तिचं दुकान, आणि डाव्या रांगेत बरोबर समोर धाकट्याचं घर. दोन्ही दारं उघडी असली की हिच्या इस्त्रीची वाफ त्याच्या ओट्यावर जाई आणि त्याच्या पोरांचा कालवा हिच्या दुकानात येई.

कामावर आम्ही निघालो की खडी पसरणाऱ्या बाया घमेल्यांच्या तालावर गात, आणि माझा चालक त्यांच्यात सूर मिसळे:

दगडा दगडा, जागा दे रे,
शेजाऱ्याला खांदा दे रे,
तुझ्यावरून जाईल वाट,
दारी दारी होईल गाठ.

खरंच मित्रांनो, रस्ता म्हणजे दुसरं काय असतं? एकमेकांना खांदा दिलेले दगड. मी फक्त त्यांना म्हणायचो, बसा बाबांनो नीट.

आमचा पहिला रस्ता झाला तेव्हा धाकट्या छाती फुगवून ताईला म्हणाला, "बघ ताई, आरशासारखा केलाय."

ताई इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी शिंपडत होती. तिने हातातला पितळी पेला काठोकाठ भरला. "आरसा ना? मग हा पेला त्याच्यावरून फिरवून आण. सांडला तर तोंड दाखवू नकोस."

त्याने माझ्या पायरीवर गोणपाटाची घडी घातली, पेला ठेवला आणि मला हळूहळू त्या नव्या रस्त्यावरून नेलं. माझ्या धडधडीने पाणी थरथरत होतं, पण काठ ओलांडत नव्हतं. रस्त्याच्या टोकाला ताईने पेला उचलला, अर्धं पाणी स्वतः प्यायली, अर्धं भावाला दिलं. "जमलं रे तुला," एवढंच म्हणाली. त्या दिवसापासून गावात रीतच पडली. रस्ता झाला की पेला फिरायचा. साहेबांनी कागदावर सही केली तरी लोक विचारायचे, "पेला फिरला का?" आणि एखाद्या ठिकाणी पाणी सांडलंच, तर माझा चालक खाली उतरून तो खड्डा पुन्हा भरून घ्यायचा. तेव्हा कुणी हसायचं नाही.

असे किती रस्ते आम्ही केले! शाळेचा, बाजाराचा, स्टेशनचा. म्हातारी माणसं काठी न टेकता चालू लागली की मला आतून ऊब वाटे. आणि मग आली ताईच्या गल्लीची पाळी.

त्या गल्लीच्या मधोमध एक रेघ जाते. दिसत नाही, पण आहे. डावी बाजू एका वॉर्डात, उजवी दुसऱ्या. नगरपालिकेच्या अध्यक्षबाई फार न्यायी होत्या. कुणावर अन्याय होऊ नये म्हणून त्यांनी दरवर्षी प्रत्येक वॉर्डाला अगदी सारखा वाटा द्यायचं ठरवलं होतं. आपल्या वाट्यातून काय करायचं ते ज्या त्या वॉर्डाने ठरवावं. डाव्या वॉर्डाने रस्ता मागितला. उजव्या वॉर्डाने बाग. पोरं रस्त्यावर खेळतात, एखादं गाडीखाली येईल, म्हणून. वॉर्डाच्या बैठकीत बागेसाठी पहिला हात ताईनेच वर केला होता. बाग मागितली म्हणजे रस्ता सोडला, हे तिला कुणी सांगितलं नाही, आणि तिच्याही मनात आलं नाही. कुणाच्या येईल?

खिडकीखालून मी ऐकत होतो. उजव्या वॉर्डाचे सदस्य, ज्यांना सगळे 'मफलरवाले' म्हणत, ते जरा चाचरत म्हणाले, "बाई, पण ती गल्ली तर एकच आहे. अर्धी कशी करणार?"

डाव्या वॉर्डाचे चष्मेवाले ताडकन उठले. "आमच्या वाट्यातून तुमची बाजू? वा! बाग तुमची, रस्ताही तुमचा, आणि आम्ही काय, बघत बसू?"

"अहो, तसं नाही..."

"बसा, बसा," अध्यक्षबाई म्हणाल्या. "भांडू नका. यंदा डावी बाजू, पुढच्या वर्षी उजवी. कुणावर अन्याय नको."

चहाचे कप वाजले.

मित्रांनो, त्या सभागृहात कुणीही वाईट माणूस नव्हता. हे मला आजही बोचतं. एखादा दुष्ट असता तर त्याच्या नावाने बोटं मोडून मोकळा झालो असतो.

ठरल्याप्रमाणे मुकादमाने गल्लीच्या मधोमध चुन्याची रेघ मारली. रेघेच्या डावीकडे खडी पडली, डांबर पडलं. उजवीकडे जुने दगड दात विचकून तसेच. बाया गात होत्या, पण 'शेजाऱ्याला खांदा दे रे' या ओळीला त्यांचा आवाज खाली गेला.

ताई दुकानातून बाहेर आली. पदराला हात पुसत रेघेपाशी उभी राहिली.

"काय रे धाकट्या, अर्धाच?"

"पुढच्या वर्षी तुझी बाजू, ताई. ठराव झालाय."

"पुढच्या वर्षी होईल तेव्हा होईल. आज तू इथे आहेस, हे तुझं धूड इथे आहे. एक फेरी मार ना इकडून."

"तुझ्याकडे खडी नाही, डांबर नाही. दाबू काय? धूळ?"

"धूळ तरी बसेल मेली! हे दगड तरी आत जातील. गाडीचं चाक अडकतं रे माझं."

धाकट्याने मुकादमाकडे पाहिलं. मुकादमाने मान हलवली, हो म्हणून नव्हे. "रेघ ओलांडू नकोस बाबा. उद्या सगळे मलाच धरतील."

त्याचे हात माझ्या स्टिअरिंगच्या चाकावर होते. ते उजवीकडे वळले, अगदी थोडे. माझं पुढचं चाक तेवढंच वळलं, चुन्याला शिवलं. मी म्हटलं, चल. लोखंडाला जेवढं म्हणता येतं तेवढ्या जोराने म्हटलं. मग त्याचे हात पुन्हा सरळ झाले. "पुढच्या वर्षी नक्की, ताई," तो म्हणाला, आणि आम्ही सरळ गेलो.

संध्याकाळी पेला फिरला. डाव्या बाजूवर पाण्याचा थेंब सांडला नाही. डाव्या ओट्यांवरून टाळ्या पडल्या. ताईने पेला उचलला, पण प्यायली नाही. रेघेवर उभी राहून तिने तो हळूच ओतला. नवी बाजू आता बोटभर उंच झाली होती. पाणी त्या कडेवरून खाली उतरलं, दगडांतून वाट काढत गेलं आणि सरळ तिच्या उंबऱ्याशी जाऊन थांबलं. सगळ्यांनी पाहिलं. ताईच म्हणाली, "चला, घरचा रस्ता पाण्याला तरी सापडला," आणि रिकामा पेला घेऊन आत गेली.

पुढचं वर्ष आलं. पण त्या वर्षी नगरपालिकेने वेगळाच ठराव केला. रस्त्यांची कामं आता ठेकेदाराकडे द्यायची, आपली माणसं आणि यंत्रं पोसायची नाहीत. मला आवाराच्या कोपऱ्यात, तुटक्या कचरापेट्यांच्या शेजारी लोटलं. माझ्या चालकाला आवाराच्या फाटकावर पहारेकरी म्हणून बसवलं. ठेकेदार ताईच्या गल्लीत आला, त्याने पाहिलं आणि सांगितलं, "हा रस्ता गेल्याच वर्षी झालाय. झालेला रस्ता इतक्यात पुन्हा करत नाहीत, नियम आहे." गल्ली एक, नाव एक, म्हणून कागदावर ती पुरी झाली होती. मफलरवाल्यांनी हेलपाटे घातले. प्रत्येक वेळी उत्तर तेच, पुढच्या वर्षी बघू.

पावसाळ्यात डाव्या बाजूचं सगळं पाणी उजव्या दारांत शिरू लागलं. ताई उंबऱ्यावर पोती रचायची. धुतलेल्या कपड्यांना पुन्हा चिखल लागायचा, ती पुन्हा धुवायची. हातगाडी त्या बोटभर कडेवर चढेना, म्हणून गल्लीच्या टोकापर्यंत वळसा घालून भावाच्या दाराशी यायची. समोरचं घर लांब गेलं होतं.

एके दुपारी माझा चालक आवारात आला आणि माझ्या पायरीवर बसला. बराच वेळ माझ्या गंजलेल्या चाकाला नखाने खरवडत राहिला. मग माझ्याशीच बोलावं तसं बोलला. ताईला वळसा घालायचा कंटाळा आला होता. तिने गाडी कडेवरून रेटली, गाडी उलटली, कपडे गेले चिखलात आणि ताई गेली गाडीखाली. उजवं मनगट मोडलं होतं. "मी ओट्यावरच होतो रे," तो म्हणाला. "चार पावलांवर."

हाड जुळलं, पण इस्त्रीचं वजन त्या हाताला पुन्हा पेललं नाही. दुकान बंद झालं. सासरी गेलेली लेक येऊन तिला आपल्या गावी घेऊन गेली. निघताना ताई भावाला म्हणाली, "तुझा काय दोष रे धाकट्या? तुला जेवढं सांगितलं तेवढं तू केलंस." हे त्यानेच मला सांगितलं. ती रागावली असती, चार शिव्या घातल्या असत्या, तर बरं झालं असतं. बहिणीने इतकं सोपं करून सोडून दिलं, ते त्याला जन्मभर पुरलं.

आता मित्रांनो, तुम्ही म्हणाल, तो रस्ता कधीच झाला नाही का? झाला ना. ठेकेदाराने केला, छान केला. कड गेली, पाणी गटारात जाऊ लागलं. आज त्या गल्लीतून भरला पेला नेला तर सांडणार नाही. फक्त ज्या दाराशी तो रस्ता जातो, त्या दाराला कुलूप आहे. रस्ता आपल्या सवडीने आला, पण माणूस निघून गेल्यावर आला.

आणि माझ्यासाठीही एक ठराव झाला. चहाचे कप वाजले आणि मला भंगारात न काढता रंगवून या बागेत ठेवायचं ठरलं. हो, हीच ती बाग, जिच्यासाठी ताईने पहिला हात वर केला होता; तीही इतकी वर्षं कागदावरच अडकली होती. इंजिन काढलं, पिवळा रंग फासला. बाग उघडण्याच्या आदल्या दिवशी माझा चालक ताईला लेकीच्या गावाहून घेऊन आला. तो आता पुरा म्हातारा झालाय, आणि ती तर पिकून हलकी झाली आहे. फाटक उघडायची वाट न बघता आत घुसलेली झोपाळ्यावरची पोरं बघून ती हसली. "बाग मात्र बरी झाली हं, धाकट्या."

तिने पिशवीतून तो पितळी पेला काढला, नळावर भरला आणि डाव्या हाताने माझ्या पायरीवर ठेवला.

"ताई, अगं, रंग ओला आहे!"

"असू दे." ती पाण्याकडे बघत राहिली. पाणी अगदी निश्चल होतं. "आता नाही सांडायचं, बघ. आता हा कुठे चालतोय?"

थोड्या वेळाने तिने पेला उचलला. अर्धं पाणी ती प्यायली, अर्धं भावाला दिलं. तो पेला तोंडाला लावून तसाच उभा राहिला, आणि त्याच्या हातून पाणी सांडलं.

मित्रांनो, माझ्या पायरीवर पाहा, पिवळ्या रंगात एक गोल वळ उमटलेला आहे. रंगाऱ्याला तो दिसला नाही, म्हणून राहिला. तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यातले काही त्या खिडकीआडच्या खुर्च्यांवर बसतील. तेव्हा वाटे अगदी सारखे करा, हरकत नाही. पण रेघ मारण्याआधी एकदा खाली उतरा, आणि रेघेच्या पलीकडच्या दारात कोण उभं आहे ते पाहून या. आणि आज माझ्या पाठीवर चढताना एवढंच करा, त्या गोल वळावर पाय देऊ नका. बाजूला भरपूर जागा आहे.