चाल : सुगंधाच्या रोवण्याची

मी बोलतेय, शंभर पानांची एक जुनी वही. मला बोलण्याऐवजी गाता आलं असतं, तर ही कहाणी सांगायची वेळच आली नसती.

पोंभुर्ण्याजवळच्या एका खेड्यातल्या चर्चचे उपदेशक देवराव यांनी मला मूल गावच्या बाजारातून आणलं. दाविदाची स्तोत्रं त्यांनी माझ्यात सोप्या ओव्यांमध्ये उतरवली. ती यरुशलेमेच्या मंदिरात वीणेवर गात, असं ते लोकांना सांगायचे. एका स्तोत्राच्या माथ्यावर तर 'पहाटेची हरिणी' या चालीवर गावं, असं शास्त्रातच लिहिलंय. ती चाल आज पृथ्वीवर कोणालाच येत नाही. हे सांगताना देवराव हसायचे.

'देवा, मला का सोडलंस' असं विचारणारं तेच स्तोत्र त्यांनी बायकोच्या भातरोवणीच्या गाण्यावर बसवलं. वर लिहिलं, 'चाल : सुगंधाच्या रोवण्याची.'

"काऊन जी, नुसतं नाव? चाल नाई लिहून राह्यले?" सुगंधाबाईंनी विचारलं.

"चाल काय लिहाची? ते तं साऱ्या गावाले येते."

येत होती खरी. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, चाळीस गळे ती गात आणि मी समोर उघडी असे. मग देवराव गेले, बांधावर मोबाइल वाजू लागले, चर्चमध्ये की-बोर्ड आला. मी ट्रंकेत लुगड्यांखाली गेले.

गेल्या उन्हाळ्यात सुगंधाबाईंना लकवा मारला, वाचा गेली. नात रुपाली चंद्रपूरहून आली, तिने मला ट्रंकेतून काढलं. आजीचे डोळे मिटण्याआधी तिला हे स्तोत्र एकदा तिच्या चालीवर ऐकवायचं, एवढाच तिचा ध्यास. गावातल्या म्हाताऱ्यांना विचारलं, तर त्यांना चिखल आठवत होता, गाणं नाही.

चार दिवस पोरगी खाटेपाशी बसून वेगवेगळ्या चाली लावून बघत होती. "हे होय का वो आजी?" आजी नकाराची मान हलवायची.

पाचव्या दिवशी रुपालीचा आवाज बसला, डोळे भरले. "हे तरी होय का वो?"

आजीने तिच्याकडे बराच वेळ बघितलं आणि होकाराची मान हलवली.

ती चाल ती नव्हती. मी उशाशीच होते, मला ती अक्षरागणिक पाठ आहे. म्हातारीला नातीची दया आली, दुसरं काही नाही.

आठवड्याने आजीच्या मातीला साऱ्यांनी तेच गायलं. रुपालीने बॉलपेनने माझ्यात खाली लिहिलं, 'आजीने शिकवलेली.'

तुमच्या घरात कोणी काम करता करता गुणगुणत असेल, तर नुसतं नाव लिहून ठेवू नका, शेजारी बसून शिकून घ्या. माझी वेळ गेली. आता रुपाली सुट्टीत येते, मला उघडून चर्चमधल्या पोरींना सांगते, "हे बराबर माह्या आजीचीच चाल होय." पोरी मन लावून शिकतात. मी त्यांच्यासमोर उघडी पडून ऐकत असते.