सहावं गाव

उर्मिलाने पडदा ओढून आखातातल्या खलिफा सिटीतलं दुपारचं ऊन बाहेर ठेवलं आणि टॅब्लेट नवऱ्याच्या, प्रल्हादच्या समोर उशीला टेकवून उभा केला. जपानमध्ये संध्याकाळचे पाच वाजले होते. आधी अस्मीचा चेहरा हलला, मग राखाडी समुद्र आला, काळी कौलं, धक्क्याला डोलणाऱ्या होड्या.

"बाबा, व्हिलेज नंबर सिक्स!"

सानइन हा जपानचा आडबाजूचा किनारा. तिथल्या अकरा मच्छीमार गावांचा बेत प्रल्हादने दोन वर्षं खपून आखला होता. कुठली बस किती वाजता, मुक्काम कुठे, सगळं. निघायला तीन आठवडे उरले असताना त्याला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात हळूहळू सावरला, पण बोलणं अडकलं. त्यानेच मग डाव्या हाताने त्या बेताची फाइल लेकीपुढे सरकवली होती.

त्याला सगळं कळायचं. शब्द ओठांशी येऊन थबकायचा, एवढंच.

"च…" तो म्हणायचा.

"चहा ना? ठेवते."

तो मान डोलवायचा. चहा नको असला तरी प्यायचा. हल्ली तर तो बोलायला सुरुवातच करत नसे.

टॅब्लेटमधल्या गल्लीतून अस्मी चालत होती. एसीची घरघर आणि लाटांचा आवाज एकमेकांत मिसळले. ही खोली नक्की कुठल्या किनाऱ्यावर आहे, ते क्षणभर उर्मिलालाही कळेना. एका घरापुढे म्हातारी बाई दोरीवर माकुळं, म्हणजे स्क्विड, वाळत घालत होती, कपडे घालावेत तशी. अस्मीने कमरेत वाकून काहीतरी विचारलं आणि फोन एका खोक्यावर उभा केला.

"बाबा, से हॅलो!"

म्हातारीने प्रल्हादकडे पाहिलं आणि सरळ जपानीत बोलायलाच लागली. शेजाऱ्याशी कुंपणावरून बोलावं तसं, हातातलं काम न थांबवता. प्रल्हाद पुढे झुकला.

"आम… आमच्याकडे," तो म्हणाला. "बों… बोंबील. असे."

"हाय, हाय," म्हातारी मान डोलवत तिच्या भाषेत 'हो, हो' म्हणाली.

उर्मिला जागच्या जागी थिजली. दोन महिन्यांत त्याने इतके शब्द एका दमात जोडले नव्हते.

तेवढ्यात त्याने हात वर केला. "पा…"

"पाणी? आणते हं," म्हणत ती उठलीच.

स्वयंपाकघरात पेला भरताना तिला त्याचा आवाज ऐकू येत होता. "पा… पाऊ…" मग शांतता. म्हातारीही गप्प झाली होती. तिकडे कुणालाच घाई नव्हती.

"पाऊस!"

उर्मिला पेला घेऊन दारापर्यंत आली. टॅब्लेटमधलं चित्र थेंबांनी डागाळलं होतं. म्हातारीने आभाळाकडे बघितलं, खदखदून हसली आणि माकुळं भराभर कवेत घेऊ लागली. अस्मीही धावली. प्रल्हाद दोन्ही हात हलवत होता.

"ती… तिकडची… राहिली!"

उर्मिलाने एक पाऊल आत टाकलं, मग मागे घेतलं. दाराच्या चौकटीला टेकून तिने हातातलं पाणी घोटाघोटाने स्वतःच पिऊन टाकलं.